दुखण्यातले हिशेब

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. ऑपरेशननंतर तू शेअर विकून सगळा पैसा मुदत ठेवीत टाकलास आणि घरात रणकंदन माजलं! ‘दुखण्यानं डोकं फिरलंय’ म्हणणाऱ्यांना सांग, असं वागणारा तू एकटा नाहीस. रोझेन आणि वू या अर्थतज्ज्ञांनी २००४ साली अमेरिकेतल्या उतारवयाकडे झुकलेल्या लोकांची गुंतवणूक तपासली, तेव्हा तब्येत खालावलेली माणसं जोखमीच्या गुंतवणुकीपासून लांब राहताना दिसली. उपचारांचा खर्च कधी दारात उभा राहील याचा नेम नसताना आणखी जोखीम अंगावर कोण घेईल?

मला जास्त अस्वस्थ करतं ते वेगळंच. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आनुवंशिक आजार आहे. आईवडिलांपैकी एकाला असला, तर मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसू लागतात, पण रक्त तपासून आधीच कळू शकतं. एमिली ऑस्टर आणि सहकाऱ्यांना २०१३ साली आढळलं, की दोष आपल्यात आहे हे कळलेले लोक कमी शिकतात, नोकरीतलं प्रशिक्षणही कमी घेतात. एवढंच काय, कर्करोगाच्या तपासण्याही टाळतात. याला लोक बेफिकिरी म्हणतील. मला तो चोख हिशेब वाटतो. पुढची वर्षंच मोजकी असतील, तर त्यांच्यासाठी आज किती झिजायचं?

गंमत म्हणजे हे उलट्या बाजूनंही चालतं. आत्ताच्या सुखाला जास्त भाव देणारा सिगारेट सोडत नाही, मग तब्येत ढासळते. आधी काय आणि नंतर काय, हे सोडवणं भल्याभल्यांना जड जातं.

आता तुझ्या ‘बरा झालो की जग फिरेन, तोवर साठवतो’ या बेताबद्दल. एमी फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांचा २०१३ चाच एक अभ्यास सांगतो, की जुनाट आजार वाढत गेले की जादा खर्चातून मिळणारं सुख घटत जातं. पैसा उरतो, त्याची गोडी उरत नाही. तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिली की लगेच निघ, निवृत्तीची वाट पाहू नकोस.

नोकरीचा राजीनामा द्यायचं म्हणतोस, ते मात्र थांबव. शेअर पुन्हा घेता येतात, नोकरीचं तसं नाही. दुखत असताना माणसाला आयुष्यभर असंच दुखणार असं वाटतं. टाके सुकू देत, झोप नीट लागू दे, मग ठरव. पुढच्या तपासणीचे रिपोर्ट आले की फोन कर. वहिनींशी बोलायचं असेल तर तेही मी बोलतो.

तुझा,
अनिल