बॅटरीच्या झाकणाला स्क्रू हवा

मा. संपादक,

मुलांच्या हातातल्या इलेक्ट्रॉनिक खेळण्यांना नावे ठेवणारी पत्रे आपल्या सदरात अधूनमधून येतात. ‘व्हर्च्युअल पेट’, म्हणजे पडद्यावर पाळायचा खोटा प्राणी, या प्रकाराला तर हमखास चार शब्द ऐकावे लागतात. मला त्याची बाजू घ्यायची आहे, आणि एक तक्रारही आहे.

माझ्या नातीला वाढदिवसाला असे एक खेळणे मिळाले. मूठभर आकाराचे, किल्लीच्या कडीत अडकवायचे, तीन बटणांचे. जपानच्या बांदाई कंपनीने नोव्हेंबर १९९६ मध्ये बाजारात आणलेल्या तामागोचीची ही सरळसरळ नक्कल. फक्त पडद्यावर पिल्लाच्या जागी ठिपक्यांचे विमान. त्याला इंधन पाजायचे, केबिन झाडायची, प्रवासी चढवायचे, रात्री हँगरमध्ये झोपवायचे. हयगय झाली की ते रुसते आणि जमिनीवरच बसून राहते.

तामागोचीचे कर्ते अकिहिरो योकोई आणि अकी माइता यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचे इग्नोबेल, म्हणजे नोबेलची नक्कल करणारे गमतीचे पारितोषिक, मिळाले होते. माणसांच्या कामाचे लक्षावधी तास खोट्या प्राण्यांच्या संगोपनाकडे वळवल्याबद्दल! विनोद झकास आहे. पण माझी सगळी नोकरी सांताक्रूझला विमानांच्या देखभालीत गेली, त्यामुळे वेळ वाया जाण्याविषयी माझे मत जरा वेगळे आहे. विमान म्हटले की लोकांना वैमानिक आठवतो. मुलांचे खेळही बहुतेक उडवण्याचेच. या खेळण्यात मात्र उड्डाण दोन सेकंदांत संपते आणि उरलेला वेळ भरणे, पुसणे, तपासणे यात जातो. खऱ्या विमानतळावर आमच्या वाट्याला तेच यायचे. शौचालयाची टाकी उपसणारी गाडी असते का, हे नातीला या खेळण्यामुळे विचारावेसे वाटले. कुठल्या पुस्तकामुळे वाटले असते?

एका बाबतीत मात्र खेळणे साफ चुकते. इंधनाची टाकी काठोकाठ भरली की ते बक्षीस देते. “आबा, मग तुम्ही फुल का नाही करायचात?” तर इंधनालाही वजन असते आणि ते वजन वाहून न्यायलाही इंधन जळते, म्हणून मार्गाला लागेल तेवढे आणि नियमाप्रमाणे राखीव, इतकेच भरायचे. शिवाय पहाटे टाकीच्या तळाशी असलेल्या झडपेतून थोडे इंधन काचेच्या बरणीत काढायचे आणि उजेडात धरायचे. पाणी शिरले असेल तर ते जड, त्यामुळे तळाला थेंबाथेंबाने गोळा झालेले दिसते. नातीला मी पाण्यात गोडे तेल टाकून दाखवले. तेल वर आले, तेव्हा ती म्हणाली, “हे खेळण्यात का नाही?” मलाही तेच म्हणायचे आहे.

आता तक्रार. खेळण्यामागचे बॅटरीचे झाकण नखाने निघते. आत नाण्याएवढा लिथियमचा चपटा सेल. आम्ही विमानातले बोल्ट नुसते आवळून सोडत नसू; कंपनाने ढिले पडू नयेत म्हणून जिथे सांगितले असेल तिथे त्यांना लॉकिंग वायरचा पीळ द्यायचो. आणि इथे नातीचा दीड वर्षाचा भाऊ रांगत येऊन दिसेल ते तोंडात घालतो. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर ओल लागून त्यातून वीज वाहू लागते, तिथे कॉस्टिक सोड्यासारखे दाहक रसायन तयार होते आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकते. पोरगे बोलणारे नसेल तर गिळले काय, हेही कळत नाही.

१४ वर्षांखालील मुलांच्या अशा खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. आमच्या खेळण्यावर ते नाही, खोक्यावर नाही, उत्पादकाचा पत्ताही नाही. दुकानदार म्हणाला, “काका, सगळा माल असाच येतो.” सगळा माल असाच येत असेल तर तपासणी मोठ्या मॉलपुरती न ठेवता घाऊक बाजारात आणि स्टेशनबाहेरच्या गाळ्यांतही व्हावी, ही भारतीय मानक ब्युरोला विनंती. पालकांनीही दुकानातच खेळणे उलटे करून पाहावे. झाकणाला स्क्रू नसेल तर तिथेच परत द्यावे. चिन्ह असेल तर त्यासोबतचा परवाना क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो.

— एक निवृत्त विमान तंत्रज्ञ, डोंबिवली (पूर्व)