गॅसवाल्या पोरा, तुझे आभार

प्रिय झिला,

तुझं नाव मला माहीत आहे, पण इथे लिहीत नाही. तू लाजशील, आणि बरोबरचे टेम्पोवाले महिनाभर चिडवतील.

गणपतीला चार दिवस असताना विहिरीजवळच्या शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरलो आणि खुब्याचं हाड मोडलं. पुढचं सगळं तुला ठाऊक आहे: ऑपरेशन, वॉकर, पडवीतली खाट. साडेसहा महिने. गणपती खाटेवरून पाहिले, दिवाळी खाटेवर, आंगणेवाडीची जत्रा मोबाइलवर. शिमग्याचा ढोल वाडीतून गेला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

भेटायला आलेले बहुतेक सगळे सफरचंदं घेऊन आले. आणि जाताना प्रत्येकाचं एकच वाक्य, ‘बरे व्हा, मग तळ्यावर नेतो तुम्हाला.’ अकरा जणांकडून ऐकलं, मोजलंय मी, दुसरं काम काय होतं? त्यातल्या एकाची मुंबईहून नवी मोठी गाडी आली. दिवाळीत आली, नाताळात आली, आमच्या पाणंदीसमोरून तारकर्लीला गेली आणि तशीच परत गेली. ज्या दोघांबरोबर तीस वर्षं रविवारचा तळ्यावर गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला बसलो, त्यांनी मोबाइलवर माशांचे फोटो पाठवले. वर ‘तुमची आठवण आली’. आठवण आली तर पाय कुठे गेले होते त्यांचे? माझा एक मोडला होता, त्यांचे चार शाबूत होते. असो. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहून झालं.

तू सिलिंडर खांद्यावरून उतरवलास, पैसे मोजलेस आणि निघताना पडवीच्या वाशाकडे बघून थांबलास. ‘काकानू, ही गरी तुमची?’ मी हो म्हटलं. काठी खाली काढून तू तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, बोटाभोवती गुंडाळून ओढलास, तो तटकन तुटला. ‘तंगूस बदलूक व्हयो,’ म्हणालास आणि गेलास. मी धरून चाललो की हा बारावा.

रविवारी सहाला तू भावाची रिक्षा घेऊन दारात. मागे प्लास्टिकची खुर्ची उलटी टाकलेली.

ते तळं काही नावाजलेलं नाही. धामापूरचा तलाव १५३० सालचा, २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला, तिकडे लोक लांबून बघायला येतात. आपलं खाडीलगतचं तळं म्हशींना आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्यांना पुरेसं. चैत्रात पाणी दोन पायऱ्या खाली गेलेलं. काठचा चिखल वाळून भेगाळलेला, बांधापलीकडे गळून पडलेली काजूची बोंडं आंबायला लागलेली, त्यांचा तो गोडसर उग्र वास. विजेच्या तारेवर खंड्या. साडेसहा महिने नाकात फक्त बाम होता रे. खुर्ची रुतू नये म्हणून तू चारी पायांखाली चिऱ्याचे तुकडे सरकवलेस, मला बसवलंस, आणि काठी हातात दिलीस. कणकेची गोळीसुद्धा मलाच लावायला लावलीस. बोटं थरथरत होती. गोळी दोनदा पाण्यात पडली. तू खंड्याकडे बघत होतास.

पण मला सांगायचंय ते पुढचं.

काळुंदर मासळी गरीला एकदम लागत नाही. तोंड इवलंसं, टोचून टोचून खाते. तंगूसाला बांधलेलं पाण्यावरचं मोरपिसाचं देठ आधी नुसतं शहारतं, मग थांबतं, मग पुन्हा शहारतं. घाई केली की गोळी गेली आणि मासाही गेला. देठ तिरकं होऊन सरकायला लागलं तेव्हा माझी छाती धडधडत होती, आणि मला वाटलं आता हा काठी हिसकावणार. साडेसहा महिने हेच चाललं होतं ना! चहाचा कप उचलला की, ‘राहू दे, मी देते.’ चादर ओढायला गेलो की, ‘तुम्ही पडा.’ सगळी मायेचीच माणसं, पण माझ्या हातातून प्रत्येक गोष्ट काढून घेणारी. म्हणून मी तुझ्याकडे पाहिलं. तू बांधावर बसला होतास आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होतेस. ओठ चावत होतास, बघवत नव्हतं तुला. तरी हात बाहेर काढले नाहीस. ‘मासो तुमचो, तुमीच काढा,’ एवढंच म्हणालास.

काढला. तळव्याएवढा होता. खवल्यांवर मोत्यासारखे ठिपके, अंगावर काळसर पट्टे. गरी सोडवताना पाठीचा काटा तळहातात घुसला आणि रक्त आलं. हिने घरी आल्यावर दोघांना मिळून झापलं. मी मात्र ती जखम दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतो.

मदतीला धावणारे आपल्या गावात कमी नाहीत, खोटं कशाला बोलू. पण धावून आल्यावर गप्प बसता येणं ही वेगळीच जात आहे, आणि ती तुझ्या वयाच्या, दिवसाला पन्नास जिने चढणाऱ्या पोरात निघावी याचं मला अजून नवल वाटतं. तुला कोणी शिकवलं? आईने असणार.

चार काळुंदरी मिळाल्या, तिखलं झालं. आपल्या राज्याने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, ठीक आहे, मान मोठ्याचा. केरळवाल्यांनी मात्र २०१० सालीच काळुंदरीला तो मान दिला. त्या दिवशी जेवताना मला त्यांचं पटलं. तुझ्या वाटणीच्या दोन तू घेतल्या नाहीस, ‘आमच्याकडे कोण खात नाय,’ म्हणालास. मालवण तालुक्यात राहून अशी थाप मारतोस? जरा बरी तरी मारायची.

तुझा कणकेचा डबा इथेच राहिलाय, हिने घासून ठेवलाय. नवा तंगूस मी स्वतः बांधला, गाठ तुला दाखवायची आहे. सिलिंडर अजून महिनाभर संपणार नाही, तरी हिने कालपासून तो दोनदा हलवून पाहिला. तेव्हा त्याची वाट बघू नकोस. रविवारी सहाला मी पायरीवर बसलेला असेन.

तुझा,
पडवीतला काका