निर्ढावतात ते जंतू, शरीर नव्हे

महोदय,

प्रतिजैविकांच्या, म्हणजे अँटिबायोटिक औषधांच्या, बेसुमार वापराविरुद्ध जनजागृती करणारे फलक आणि चित्रफिती हल्ली बऱ्याच दिसतात. दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा तर जगभर त्यासाठीच पाळला जातो. हे काम व्हायलाच हवे. पण जंतू औषधाला दाद देत नाहीत, हे सांगायला त्यात वापरलेला 'प्रतिरोध' हा शब्द मला, जन्मभर भाषा शिकवलेल्या बाईला, फार खटकतो. काही ठिकाणी तर चक्क 'प्रतिकारशक्ती वाढते आहे' असे छापलेले असते. ते वाचून घाबरेल कोण? प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून तर आपण सगळे धडपडत असतो!

माझ्या जाऊबाई परवा म्हणाल्या, "ती गोळी मला आता लागू पडत नाही. अंगाला सवय झाली. जास्त पॉवरची हवी." त्या चांगल्या शिकलेल्या आहेत. आणि ही समजूत काही त्यांच्या एकटीची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये १२ देशांत केलेल्या पाहणीत ७६ टक्के लोकांना असेच वाटत होते, की औषधाला सरावते ते शरीर. सर्दी आणि फ्लूवर प्रतिजैविके चालतात, असे ६४ टक्के लोक मानत होते. हे दोन्ही आजार विषाणूंचे, म्हणजे व्हायरसचे; प्रतिजैविके मारतात ती जीवाणूंना, म्हणजे बॅक्टेरियांना. त्यांवर या गोळ्यांचा काडीचाही उपयोग नाही.

सरावतात ते जीवाणू. औषधाचा मारा झाला की कच्चे मरतात, तग धरणारे उरतात आणि पुढे त्यांचीच पैदास होते. ते एकाच्या अंगातून घरच्यांकडे जातात, इस्पितळात शेजारच्या खाटेपर्यंत पोचतात. म्हणजे ज्याने वर्षानुवर्षे एकही प्रतिजैविक घेतलेले नाही, त्यालाही असा निर्ढावलेला संसर्ग होऊ शकतो. जाऊबाईंना हे सांगितले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग माझ्याकडून नातवालाही?" इतके फलक पाहून हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. २०१९ या एका वर्षात अशा जीवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा जागतिक अंदाज सुमारे १२ लाख ७० हजार आहे. पण त्यांना हलवले ते नातवाने, आकड्याने नव्हे.

साध्या भाषेचा उपयोग होतो. 'अँटिबायोटिक म्हणजे आपोआप नव्हे' अशा अर्थाचे यमक जुळवलेले वाक्य घेऊन फ्रान्सने २००२ मध्ये मोहीम सुरू केली. पाच वर्षांत तिथे हिवाळ्यात लिहून दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. अर्थात केवळ एका वाक्याने हे झाले, असे मी म्हणणार नाही. घसा जीवाणूंमुळे दुखतो आहे का, हे तिथल्या तिथे तपासण्याची सोयही डॉक्टरांना करून दिली होती. नुसता रुग्णाला उपदेश करायचा आणि डॉक्टरला तपासणीचे साधन द्यायचे नाही, अशी मोहीम अर्धीच राहते.

आपल्या बातम्यांत आणि आरोग्यविषयक सदरांत कृपया 'जंतू निर्ढावले' किंवा 'जंतू औषधाला जुमानत नाहीत' असे लिहावे. आणि फलक तयार करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारायचे दोन प्रश्न त्यावर ठळक छापावेत : हा आजार जीवाणूंचा आहे का? गोळी नेमकी किती दिवस घ्यायची? त्याखाली जागा उरली, तर उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी डब्यात जपून ठेवू नका, हेही लिहावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका