नाथांचे ‘अर्जदस्त’ आणि आजचे दंभाजी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संत एकनाथांचे विंचवाचे भारूड सगळ्यांना पाठ असते. ‘अर्जदस्त’ फारसे कुणी म्हणत नाही. मी पैठण तालुक्यातला निवृत्त तलाठी. दप्तरात आयुष्य गेले म्हणून असेल, मला नाथांचे हेच भारूड सर्वांत जवळचे वाटते. जिवाजी शेखदार आणि बुधाजी कारकून त्यात सरकारकडे अर्ज करतात, की परगणे शरीराबादेत आम्ही कामाला लागलो, पण इथले जमेदार, म्हणजे वतनदार, काम चालू देत नाहीत. दंभाजी शेटे, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण, क्रोधाजी नाईकवाडी ही त्यांची नावे. (देशमुख, देशपांडे ही तेव्हाची वतने, आडनाव म्हणून कुणी अंगाला लावून घेऊ नये.) नाथ माणसाच्या देहाविषयी बोलत होते, हे मान्य. पण देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हाताखाली ज्यांनी हिशेब जुळवले, त्यांना कचेरी आतून ठाऊक होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये गोदावरीला पूर आला, तेव्हा हे जमेदार पुढाऱ्यांच्या रूपात मी आमच्या शिवारात पाहिले. सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटलेले, नदीकाठची जमीन खरडून मुरूम उघडा पडलेला. दंभाजी ताफ्यासह आले. गाडीतून आधी फोटोवाला उतरला, मग ते. किराण्याच्या पिशवीवर त्यांचा चेहरा छापलेला होता. एका बाईने सातबारा पुढे केला. भिजू नये म्हणून तिने तो खताच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. साहेबांनी तो न उलगडता मागच्याकडे दिला, त्याने त्याच्या मागच्याकडे. ताफा निघताना तो कागद मी मागून घेऊन तिला परत दिला. संताप आवरत नव्हता.

मनीराम रस्ते-बंधाऱ्यांची कामे परभारे आपल्या माणसांना देतो. ममताईला लेक, सून, पुतण्या यांच्यापलीकडे उमेदवार दिसत नाही. पण सर्वांत मोठे नुकसान क्रोधाजीने केले. त्याच्या भाषणांपायी पिढ्यान् पिढ्या एका पाणवठ्यावरची माणसे जात बघून दुकानाची पायरी चढू लागली. पीक पुढच्या हंगामात येईल; ही तूट कोण भरून देणार?

भारुडात निदान जमेदारांच्या वर दाद मागायला हुजूर आहे. आमच्याकडे दंभाजीच हुजूर होऊन बसला आहे आणि त्याच्याविरुद्धचा अर्ज त्याच्याच टेबलावर जातो. मराठवाड्याचा अनुशेष मांडणाऱ्या वैधानिक विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. तेव्हापासून राज्याने तीन मुख्यमंत्री पाहिले, मंडळ वर्षानुवर्षे रिकामेच राहिले. दोष एकाच पक्षाचा नाही. भारुडात डोळ्यांची, कानांची गावे एकेक करून ओस पडतात; इथे दिवाळीनंतर बीड-जालन्याकडच्या वाड्या ऊसतोडीला जाऊन खरोखर ओस पडतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या मंत्रिमंडळ बैठकीत मराठवाड्यासाठी पंचेचाळीस हजार कोटींहून अधिक रकमेच्या घोषणा झाल्या. त्यातले कोणत्या गावात काय उतरले, याची यादी प्रत्येक चावडीवर लावावी. शेजारी पुराच्या पंचनाम्यांची यादीही लावावी: नाव, गट नंबर, क्षेत्र, मिळालेली रक्कम. हे काम आमच्या तलाठ्यांच्या हातचे आहे, दोन दिवसांत होते. आमदारांनी फक्त ‘लावा’ म्हणायचे आहे.

आपला,
एक निवृत्त तलाठी, ता. पैठण