वरच्या कोर्टात पावती चालत नाही

खानापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस, ट्रिब्यूनलात कोण जातं, वकिली करावी तर हायकोर्टात. आई हसली. मला पटलं नाही. वकिलांकडे कारकुनी करण्यात माझा जन्म गेला, म्हणून चार ओळी लिहितो.

इन्कम टॅक्सचं अपिलेट ट्रिब्यूनल, म्हणजे अपिलं ऐकणारं न्यायाधिकरण, 1941 पासूनचं. बेळगावच्या कितीतरी केसेस पणजीच्या बेंचपुढे चालल्या. कायदा जाणणाऱ्या सदस्याशेजारी तिथं हिशेब जाणणारा बसतो. वही खरी का खोटी, खर्च धंद्याचा का घरचा, हे तिथं ठरलं की ठरलं. पुढं हायकोर्ट आहे, पण कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तरच. ट्रिब्यूनलात जी पावती दाखल झाली नाही, ती वरचा नामांकित वकील कुठून आणणार?

कुळांच्या केसेस आठव. कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यातल्या 1974 च्या दुरुस्तीनंतर तालुक्याच्या लँड ट्रिब्यूनलनं निकाल दिल्यावर अपीलच नसायचं, थेट रिट, म्हणजे हायकोर्टात अर्ज. त्यासाठी रात्रीची बस धरून बेंगळुरू. आणि रिटमध्ये हायकोर्ट साक्षीपुरावा नव्यानं तोलत बसत नाही. जमीन कोण कसत होता, हा सगळा भांडणाचा गाभा. तोच दुसऱ्यांदा कुणी बघायचा नाही! त्यात आपल्या भागातले 1956 आधीचे, मुंबई राज्याच्या वेळचे कित्येक कागद मराठीत, काही मोडीत, पुढचे कन्नडमध्ये. 1986 साली अपिलासाठी वेगळी अथॉरिटी आणली, 1990 मध्ये मोडलीही. धारवाडला हायकोर्टाचं बेंच यायला 2008 उजाडलं.

तरी ट्रिब्यूनलचा शब्द शेवटचा असू नये, हेही खरं. 1997 मध्ये चंद्रकुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी सांगितलं की ट्रिब्यूनलवर हायकोर्टाची नजर राहणारच, ती घटनादुरुस्तीनंही काढता येणार नाही. बरंच झालं. टॅक्सच्या केसमध्ये समोरचा पक्षकार सरकार, आणि सदस्य नेमणारंही सरकारच.

तेव्हा या सुट्टीत टॅक्सच्या एखाद्या वकिलाकडे बस. पेपर बुक, म्हणजे केसच्या कागदांचा गठ्ठा, कसं बांधतात, कुठला कागद कुठल्या पानावर लावतात, कन्नड उताऱ्याचं भाषांतर कोण करतं, ते बघून घे. हायकोर्टाचं मग बोलू.

तुझे बाबा