मलमच कारण निघाले : मित्रास पत्र

सांगली,
ता. १२ डिसेंबर २०२४

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. बोटांना चिरा पडल्यामुळे तुझे अक्षर किती बदलले आहे, हे पाकिटावरचा पत्ता पाहूनच कळले आणि मन अस्वस्थ झाले. दोन वर्षे वांगी, ताक आणि शेंगदाणे सोडूनही खाज हटत नाही, असे तू लिहितोस. माझे आग्रहाचे सांगणे असे, की आणखी काही सोडण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे पाठीवर चिकटपट्ट्या लावून करायची ॲलर्जीची तपासणी, करून घे.

माझी पावले सुजून त्यांतून लस येत असे, तेव्हा मीही सांगोवांगीची सारी पथ्ये पाळली आणि दुकानातून आणलेले एक मलम सकाळ-संध्याकाळ लावत राहिलो. शेवटी येथील डॉक्टरबाईंनी एका सोमवारी माझ्या पाठीवर चिकटपट्ट्या लावल्या. त्या पट्ट्यांवर लहान चकत्या होत्या आणि प्रत्येक चकतीत एकेक संशयित द्रव्य ठराविक प्रमाणात घातलेले होते : निकेल सल्फेट शेकडा ५, केसांच्या काळ्या रंगातले पीपीडी शेकडा १, शिवाय सुगंधी द्रव्ये, रबरातली रसायने, राळ आणि आपले गाजर गवतसुद्धा. ही ॲलर्जी शिंकांसारखी मिनिटांत उठत नाही. शरीरातल्या टी पेशींनी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, ते द्रव्य ओळखून त्या जागी गोळा व्हायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून पट्ट्या ४८ तास ठेवतात आणि काढल्यानंतरही पाठ पुन्हा तपासतात. तू रक्ताची जी महागडी तपासणी केलीस, ती निराळ्या प्रकारच्या ॲलर्जीची असल्यामुळे तिच्यात तुझ्या हातांचे कारण सापडणे शक्यच नव्हते.

बुधवारी पट्ट्या निघाल्या तेव्हा पोटॅशियम डायक्रोमेट या क्रोमियमच्या क्षाराची जागा लाल होती. शुक्रवारी तेथे बारीक पुटकुळ्या उठल्या. पण खरा धक्का पुढच्या सोमवारी बसला. तोवर कोरी राहिलेली निओमायसिन या जंतुनाशक औषधाची जागा सातव्या दिवशी फुगून वर आली होती, आणि मी ज्या मलमावर विश्वास टाकला होता त्याच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत तेच नाव छापलेले होते. १८९५ साली योझेफ याडासोन या वैद्याने ही परीक्षा प्रथम मांडली, तीही पाऱ्याच्या औषधाने उठणाऱ्या त्वचादाहाच्या संदर्भात, हे नंतर वाचले तेव्हा मला फार आपलेसे वाटले.

नुसते नाव कळून भागत नाही. ते आपल्या रोजच्या वापरात कोठे आहे, हे शोधावे लागते. डॉक्टरबाईंनी बराच वेळ माझ्या पायताणांचीच चौकशी केली. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याची चप्पल मी सोडली, हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेली कोल्हापुरी एका माहितीच्या कारागिराकडून घेतली, मलम बंद केले, आणि दोन महिन्यांत पाय कोरडे झाले. निओमायसिन ज्याला चालत नाही त्याला फ्रामायसेटिन हे त्याचेच भावंड औषधही बहुधा चालत नाही, म्हणून आता कोणतीही ट्यूब घेताना मी आधी घटक वाचतो.

तुझ्या बाबतीत मला तीन संशय आहेत : बांधकामावरच्या सिमेंटमधले क्रोमियम, तू घालतोस ते रबरी हातमोजे आणि प्लॉटवर उपटलेले गाजर गवत. यांपैकी दोषी कोण, हे मी पत्रातून ठरवू शकत नाही. शिवाय ओले सिमेंट ॲलर्जी नसलेल्या माणसाचीही कातडी जाळते, आणि तसा दाह असेल तर पॅच टेस्ट कोरीच निघेल. तेही कळणे तुझ्या उपयोगाचेच आहे.

आठवडाभर पाठीला पाणी लागू द्यायचे नाही आणि घाम येईल असे काम करायचे नाही, म्हणून ही थंडी सोडू नकोस. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांग. स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. पाठीवर स्टेरॉइडचे मलम लावत असशील तर तेही सांग. साताऱ्यात सोय झाली तर उत्तमच, नाहीतर आठ दिवस आमच्याकडे ये. वहिनींनाही घेऊन ये. येताना हातमोजे आणि घरातल्या सगळ्या मलमांच्या ट्यूब, अर्ध्या संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून आण. सिमेंट मात्र आणू नकोस. ते तसेच पाठीवर लावत नाहीत, त्यातल्या क्रोमियमची तपासणी डायक्रोमेटच्या चकतीने होते.

तुझा,
वसंत