बाबा, हरकती आणि सूचना इथेही मागवतात

ऑकलंड, १४ डिसेंबर २०२५

प्रिय आई आणि बाबा,

परवा व्हिडिओ कॉलवर दादा म्हणाला की अरे तुमच्या गल्लीचा झोन बदलतोय म्हणजे तुझी लॉटरीच की, आणि तेवढ्यात तुमच्याकडची लाईट गेली, ते तसंच राहिलं. व्हॉट्सॲपवर तुकडे तुकडे टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून एकदाच सलग लिहितोय. दादा, बाबांना प्रिंट काढून दे, मोबाईलवर वाचायला लागले की त्यांचं डोकं दुखतं आणि मग मलाच ऐकवतात.

तर बाबा, तुम्ही आयुष्यभर नगररचनेत ज्याला हरकती व सूचना म्हणत आलात ना, तेच इथे सुरू आहे. इथल्या महापालिकेने ३ नोव्हेंबरला नवा आराखडा काढलाय, प्लॅन चेंज १२० म्हणतात त्याला, आणि १९ डिसेंबरपर्यंत कुणीही हरकत घेऊ शकतं. नकाशा ऑनलाइन असतो, आपल्या घरावर टॅप केलं की रंग दिसतो, म्हणजे झोन, तिथे किती घरं आणि किती मजले चालतील ते. तुमच्यासारखं भिंतीला चिकटवलेल्या शीटवर भिंग घेऊन सर्व्हे नंबर शोधायला नको. बाकी सगळं तेच, लोकांची भांडणंसुद्धा.

आधी मागचं थोडं सांगतो नाहीतर तुम्ही विचारणारच. या गावात जुनी पद्धत म्हणजे पाव एकरात एक घर, म्हणजे आपले चक्क दहा गुंठे! आमच्या भागात आठ गुंठे धरा. लाकडी फळ्यांचं बैठं घर, मागे हिरवळ, एक लिंबाचं झाड, कपडे वाळत घालायची छत्रीसारखी फिरती दोरी, झालं. आणि मग आमच्यासारखे हजारो येत राहिले आणि घरांच्या किमती आभाळाला भिडल्या. २०१६ साली युनिटरी प्लॅन म्हणजे अख्ख्या शहराचा आराखडा आला, त्यात शहराच्या राहत्या जमिनीपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश जमिनीवर जास्त घरं बांधायला परवानगी दिली. इथल्या युनिव्हर्सिटीतले रायन ग्रीनवे-मॅक्ग्रीव्ही म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी हिशोब मांडलाय की झोन बदललाच नसता तर सहा वर्षांनी तीन बेडरूमच्या घराचं भाडं जेवढं असतं त्यापेक्षा ते २६ ते ३३ टक्के कमी आहे. मला विचाराल तर पटतं, कारण आम्हाला घर मिळालं ते त्यामुळेच. मग २०२१ला सरकारनं अजून एक नियम आणला, एका प्लॉटवर तीन घरं तीन मजले, वेगळी परवानगी नको. त्यावर एवढा गदारोळ झाला की आता सरकार म्हणतंय तो नियम हवा तर काढा पण एकूण घरांची जागा कमी करू नका, इथे कमी केलीत तर दुसरीकडे वाढवा. म्हणून हा १२०.

आई, तू आली होतीस तेव्हा आमच्या बाजूच्या आजींकडची लिंबं आणून लोणचं घातलंस, आठवतं? त्यांच्याबद्दल एक गोष्ट तुला तेव्हा सांगितली नव्हती. आम्ही राहतो ती सात घरांची रांग आहे ना, तिथे पूर्वी आजींच्या मैत्रिणीचं एकच घर होतं. मैत्रीण गेली, मुलांनी विकलं. ते घर पाडलंसुद्धा नाही, मधून करवतीनं कापून दोन तुकडे केले आणि रात्री दोन वाजता मोठ्या ट्रकवर घालून कुठल्यातरी गावाकडच्या शेतात नेलं, इथे हे सर्रास चालतं. आजी गाऊन घालून फाटकाशी उभ्या होत्या म्हणे, ट्रकवर स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा तसाच लटकत होता, काढायला कुणी विसरलं. हे त्यांनी मला चार-पाच वेळा सांगितलंय, दर वेळी पडद्याचा रंग मात्र बदलतो.

आणि उन्हाचं. इथे सूर्य उत्तरेकडून जातो, हे कळायला मला पहिलं वर्ष लागलं, तुळस दक्षिणेच्या खिडकीत ठेवून मारली होती मी. तर आमची रांग आजींच्या बरोब्बर उत्तरेला. नियम पाळूनच बांधलीये, हद्दीवर तीन मीटर सरळ वर जायचं आणि तिथून ४५ अंशात आत कलायचं, तेवढ्या रेषेच्या आतच इमारत हवी. कागदावर एकदम चोख. पण जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, आमची सावली दुपारी दोनलाच त्यांच्या कपड्याच्या दोरीवर येते. मागच्या दाराच्या तीन पायऱ्या आहेत त्यांच्या, त्यांवर आता शेवाळ धरतं. पूर्वी धरत नव्हतं. एका शनिवारी बघतो तर ब्याऐंशी वर्षांच्या बाई गुडघ्यावर बसून ताठ ब्रशनं पायरी घासतायत आणि मी वरच्या खिडकीत चहाचा कप घेऊन उन्हात उभा. त्यांनी वर बघून हात केला. मी खाली जाऊन ब्रश घेतला, काय करणार दुसरं. तेव्हापासून दर पावसाळी महिन्यात त्या पायऱ्या माझ्याकडे असतात, सूनबाई म्हणते आपल्या घरातलं बाथरूम कधी एवढं मन लावून घासलं नाहीस.

मग ते २७ जानेवारी २०२३. विमानतळावर २४ तासांत २४५ मिलिमीटर पडला, त्या पुरात चार माणसं गेली. बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ झाला होता, २४५चं काय एवढं. आकड्याला तुम्ही बरोबर आहात, पण इथली पावसाच्या पाण्याची लाईन एवढ्यासाठी घातलेलीच नाही. आमची गल्ली उताराची, खाली ओकली क्रीक नावाचा ओढा. आमच्या सात घरांच्या छपरांचं आणि ड्राइव्हवेचं पाणी अडवायला जमिनीत टाकी पुरलीये, ती त्या संध्याकाळी भरून वाहायला लागली आणि जिथे पूर्वी हिरवळ पाणी प्यायची तिथे आता काँक्रीट. आजींच्या गॅरेजमध्ये गुडघाभर पाणी. मोठा फ्रीझर तरंगत येऊन दाराला टेकला होता, त्यामुळे दारच उघडेना, बाजूचा सामोअन पोरगा आणि मी मिळून ढकललं. आमचंच पाणी होतं का ते? थोडं तरी होतंच, मी ड्राइव्हवेवरून तिकडे जाताना बघितलं की. तशा पुरानंतर बाराशेच्या आसपास घरं महापालिकेनं आणि सरकारनं मिळून विकत घेतली, विमा असेल तर पुराआधीच्या किमतीच्या ९५ टक्के देऊन. आजींचं त्यात आलं नाही, पाणी घरात शिरलं नव्हतं.

आता नवा नकाशा. आमची एवढीशी गल्ली पण त्यात तीन रंग. वरचं टोक डॉमिनियन रोडला लागतं, बसचा मोठा रस्ता, तर तिथे सहा मजल्यांपर्यंत. (रेल्वे स्टेशनांजवळ अजून उंच आहे, किंग्सलँड, मॉर्निंगसाइडला पंधरा मजले, तिथल्या जुन्या बंगलेवाल्यांनी नुसता आकांत मांडलाय.) मधला भाग आमचा, साधारण आहे तसा. आणि आजींपासून खाली ओढ्यापर्यंत पुराचा धोका म्हणून झोन खाली आणलाय, जास्त घरं बांधता येणार नाहीत. बाबा, म्हणजे तुमच्या पूररेषाच, निळी रेषा आणि लाल रेषा. २०१९ला सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा तुम्ही काय चिडला होतात, म्हणाला होतात रेषा कागदावर असते, पाण्याला वाचता येत नाही. इथे निदान पूर आल्यावर तीन वर्षांत रेषा कागदावर तरी आली.

आजींचा मुलगा ऑस्ट्रेलियात असतो, तो भडकलाय. त्याचा हिशोब होता आईनंतर आठ गुंठे बिल्डरला द्यायचे, आता भाव पडणार. आजींच्या लेटरबॉक्समध्ये आठवड्याला एक तरी कार्ड यायचं, तुमची जागा विकायची आहे का, वर एजंटांचे हसरे फोटो. आजी म्हणतात बरं झालं रंग बदलला, आता ती माणसं येणार नाहीत.

आणि दादा, लॉटरीचं. आपली जागा एक गुंठा रे बाबा. त्यावर आहे ते घर, एक गाडी आणि कचऱ्याचे डबे. आपल्याला या झोनमधून दमडी मिळत नाही, उलट वरच्या कोपऱ्यावरची दोन घरं एकाच माणसानं घेतलीयेत म्हणे, तिथे सहा मजले उठले की आपली उत्तरेची खिडकी गेली. आता आमची पाळी. मला राग आला का, तर हो, आला, नकाशा बघून पाच मिनिटं मी कम्प्युटरला शिव्या दिल्या. मग सूनबाई म्हणाली कुठल्या तोंडानं हरकत घेणार, आपण काय केलंय ते बघ. ऑफिसातला तो नवीन नाशिकचा मुलगा आहे, चार जण मिळून एका घरात राहतात, त्याला तिथला फ्लॅट मिळाला तर बस दारात. मी नाही म्हणायचं का?

म्हणून काल शनिवारी काय केलं ते ऐका. आजींना दिसत कमी, फॉर्म ऑनलाइन, त्या आमच्याकडे आल्या, बरोबर लिंबं. किचनच्या टेबलावर एकाच लॅपटॉपवर आधी माझा फॉर्म भरला, सहा मजल्यांना पाठिंबा, पण खालची पावसाची लाईन आधी मोठी करा आणि नवीन इमारतींची टाकी मोठी मागा. मग त्यांचा. वर सहा मजले अजिबात नकोत, ठाम विरोध, कारण सगळं पाणी खालीच येणार. आणि त्यांच्या घराच्या रंगाला मात्र पाठिंबा. मी म्हटलं आजी तुम्ही माझ्या विरोधात लिहिताय आणि टाइप मीच करतोय. त्या म्हणाल्या, स्पेलिंग नीट कर. चिऊ मध्येच विचारत होती दोघांपैकी कोण जिंकणार.

बाबा, सुनावणी पुढच्या वर्षी आहे, तिथे बोलायचं असेल तर फॉर्मवर टिक करावी लागते, आजींनी केली, मी पण केली. सुनावणीत काय विचारतात, कागद कसे लावून न्यायचे ते जरा लिहून पाठवा. आणि आई, लोणच्याचा मसाला संपलाय, यावेळची लिंबं मोठी आहेत, चौतीस आहेत, मीठ किती घालू ते कळव.

तुमचा,
बाळ्या